खाजेची लाज आणि दुकानातली ट्यूब

दुखण्यांनाही आपल्या समाजात मानपानाची उतरंड आहे. रक्तदाब आहे, हे माणूस चारचौघांत सांगतो आणि थोडे अभिमानानेच सांगतो. गुडघेदुखीची चर्चा लग्नाच्या पंगतीत चालते. मणक्याचे फोटो तर पाहुण्यांनाही दाखवले जातात. पण जांघेत, गुप्तांगाभोवती किंवा गुदद्वाराशी खाज सुटली की तोच माणूस मुका होतो. नवरा बायकोला सांगत नाही, मुलगी आईला सांगत नाही, सासूबाईंचे तर विचारूच नका. दवाखान्यात आलेला पेशंट सर्दी-खोकल्याचे औषध लिहून घेतो, उठतो, दाराशी जातो आणि चपला पायांत सरकवताना हळूच म्हणतो, "डॉक्टर, अजून एक जरासं होतं..." ते 'जरासं' बहुतेक वेळा सहा महिन्यांचे असते आणि त्याच्या खिशात पिळून पिळून चपटी झालेली एक ट्यूब असते.

आजचा विषय काही वाचकांना सकाळच्या चहाबरोबर वाचायला अवघड वाटेल. तरीही तो या सदरात घेणे मला आवश्यक वाटते. खाजेने सहसा कोणी मरत नाही, हे खरे. पण लाजेपोटी लपवलेली खाज आणि तिच्यावर चोरून लावलेले मलम यांनी घरेच्या घरे बेजार झालेली आहेत.

ही लाज किती महाग पडते याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्राने जगापुढे ठेवला. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. तो अभ्यास जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. शंभरातील ९२ स्त्रियांना गर्भाशय, योनिमार्ग किंवा जननेंद्रियांचा एखादा तरी आजार निघाला आणि त्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या ८ होत्या. अंगावरून जाणे, खाज, आग हे सगळे बाईच्या जातीला असायचेच, असे समजून या बायका वर्षानुवर्षे सोसत होत्या. या अभ्यासाला आता पस्तीस वर्षे उलटून गेली. रस्ते झाले, मोबाइल आले, पण दाराशी घुटमळणारे ते 'जरासं' अजून तसेच आहे. पुरुषांचेही यात काही वेगळे नाही. ते बोलत नाहीत, फक्त दुकानात जातात.

लक्षण एक, कारणे अनेक

सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गुप्तांगाची खाज म्हणजे 'वाईट चालीचा रोग' ही समजूत मनातून काढून टाका. अशा खाजेची बहुसंख्य कारणे घाम, ओल, बुरशी, साबण आणि साखर यांच्याशी निगडित असतात. काही आजार शरीरसंबंधातून येतात, नाही असे नाही. पण नवऱ्याला खाज सुटली म्हणून बायकोने माहेर गाठावे किंवा बायकोला अंगावरून जाते म्हणून नवऱ्याने संशय धरावा, असे प्रकार निव्वळ अज्ञानापोटी घडतात.

आपल्याकडे जांघेच्या खाजेचे सर्वांत मोठे कारण म्हणजे गजकर्ण किंवा नायटा. ही बुरशी आहे. तिला ऊब आणि ओल लागते, आणि जांघेत दोन्ही भरपूर मिळते. कडेला लालसर, किंचित उंच आणि खवलेदार, मध्ये मात्र स्वच्छ, अशी कडी पसरत जाते. रोज दहा-बारा तास गाडीवर बसणारा एसटीचा चालक, ओल्या कपड्यांत दिवसभर भातलावणी करणारी बाई, यंत्रमागावर घामाघूम होणारा कामगार, तालमीतला पैलवान आणि घट्ट जीन्स घालून कॉलेजला जाणारा मुलगा या सगळ्यांना ती सारख्याच प्रेमाने भेटते. एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरला की ती घरभर फिरते. कमरेचा करदोटा हेही तिचे एक आवडते ठिकाण. दोरा दिवसभर घामाने ओला राहतो आणि त्याच्याखाली गजकर्णाचा पट्टा उमटतो. श्रद्धेला माझी हरकत नाही, परंतु गजकर्ण बरे होईपर्यंत तरी करदोटा उतरवून ठेवावा.

दुसरे कारण खरूज. हा सूक्ष्म किड्याचा उपद्रव आहे. १६८७ साली इटलीतील बोनोमो आणि चेस्टोनी यांनी हा किडा पाहून खरजेशी त्याचा संबंध जोडला. रोगाचे सूक्ष्म कारण उघड होण्याचे वैद्यकशास्त्रातील ते फार जुने उदाहरण. सव्वातीनशे वर्षांहून अधिक काळ शत्रू माहीत असूनही खरूज गेलेली नाही आणि २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने तिला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घेतले. खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती, कमरेला, आणि पुरुषांत शिश्नावर व वृषणांवर खाजऱ्या पुळ्या किंवा गाठी येतात. घरातल्या दोघा-तिघांना एकदम रात्रीची खाज सुटली, तर खरूज धरूनच चालावे. पर्मेथ्रिनचे मलम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सर्वांगाला रात्री लावायचे, सकाळी धुवायचे, आणि आठवड्याने पुन्हा एकदा लावायचे. घरातील प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच दिवशी ते लावले पाहिजे. तान्ही बाळे आणि गरोदर स्त्रिया यांच्यासाठी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. फक्त खाजते तिथे बोटभर लावणारे लोक ट्यूब संपवतात, खरूज संपवत नाहीत. उपचारानंतरही दोन ते चार आठवडे थोडी खाज राहू शकते. तेवढ्याने घाबरून पुन्हा पुन्हा मलम फासू नये.

साखरेची चिठ्ठी

तिसरे कारण कँडिडा नावाची यीस्ट. ती आपल्या शरीरात एरवीही मुकाट राहत असते. साखर वाढली, प्रतिजैविकांचा कोर्स झाला किंवा गरोदरपण आले की तिला जोर चढतो. स्त्रियांत योनिमार्गातून दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा स्राव जातो, आग होते, विलक्षण खाज सुटते, वास मात्र नसतो. चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो, यावरून तो किती सर्वसामान्य आहे हे लक्षात यावे. पुरुषांत शिश्नाच्या टोकाशी लाली येते, पांढरट थर जमतो आणि अग्रत्वचेला बारीक चिरा पडतात.

चाळिशीच्या पुढच्या पुरुषाच्या अग्रत्वचेला चिरा पडू लागल्या किंवा बाईची पांढऱ्या स्रावाची खाज वरचेवर परत येऊ लागली, तर ती मधुमेहाने पाठवलेली चिठ्ठी समजावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतील कितीतरी जणांना तो असल्याची गंधवार्ताही नसते. अशा वेळी रक्तातील साखर तपासण्याऐवजी दुकानातून मलम आणणे म्हणजे पत्र न वाचता पाकीट जाळून टाकण्यासारखे आहे.

मधुमेहावरील काही नव्या गोळ्या, ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते, त्या साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. औषधे चांगली आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला उपकारक आहेत. पण गोड लघवीमुळे तिथे बुरशी वाढू शकते. लघवीनंतर ती जागा पाण्याने धुवून कोरडी करण्याची सवय ठेवली तर हा त्रास बराच टळतो. खाज सुटली म्हणून गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी ती लिहिली आहे त्यांना सांगा.

बायकांच्या बाबतीत

प्रत्येक पांढरा स्राव हा रोग नव्हे. पाळीच्या साधारण मधल्या दिवसांत अंड्यातील पांढऱ्या भागासारखा पारदर्शक, चिकट स्राव जातो, तो निरोगीपणाचेच लक्षण आहे. 'धुपणी लागली, आता हाडे झिजणार' या भीतीने कित्येक मुली उगाच खंगत राहतात. हाडांचा आणि या स्रावाचा संबंध नाही. मात्र राखाडी, पातळ, माशासारखा वास असलेला स्राव, किंवा पिवळट-हिरवा, फेसाळ आणि खाजरा स्राव हे वेगवेगळे आजार आहेत. त्यांची औषधेही वेगळी आहेत. फेसाळ स्रावाचा आजार शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून त्यात नवऱ्यालाही औषध घ्यावे लागते. बायकोला एकटीला गोळ्या देऊन नवरा मोकळा राहिला, तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

पाळी गेल्यानंतर हार्मोन कमी होऊन तिथली त्वचा पातळ आणि कोरडी पडते, आग आणि खाज होते. 'आता या वयात कसली तपासणी' म्हणून म्हाताऱ्या बायका गप्प बसतात. त्यांना मी विशेष आग्रहाने सांगेन की, बाह्य जननेंद्रियाची त्वचा पांढरी, कागदासारखी पातळ, सुरकुतलेली झाली असेल आणि खाज जात नसेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ गाठलाच पाहिजे. हा लायकेन स्क्लेरोसस नावाचा आजार असू शकतो. औषधाने तो ताब्यात राहतो. दुर्लक्ष केले तर काही जणींत त्या जागी पुढे कर्करोग होतो.

आणि मुलांचे? रात्री झोपेत गुदद्वार खाजवणारे, दात खाण्यावरून बोलणी खाणारे मूल आपण सगळ्यांनी पाहिले आहे. दात खाणे आणि जंत यांचा काही खरा संबंध नाही, पण रात्रीच्या खाजेचा आहे. दोऱ्याच्या तुकड्यासारख्या बारीक पांढऱ्या कृमीची मादी रात्री बाहेर येऊन गुदद्वाराभोवती अंडी घालते. मूल खाजवते, अंडी नखांत जातात, नखे तोंडात जातात आणि चक्र पुन्हा सुरू होते. लहान मुलींत याच कृमी पुढच्या बाजूला जाऊन खाज आणतात, आणि आई बिचारी भलत्याच शंकेने हादरते. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा जंतांचे औषध, घरातील सर्वांना उपचार, कापलेली नखे, सकाळी उठल्याबरोबर अंघोळ आणि धुतलेल्या चादरी एवढ्याने काम होते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळा-अंगणवाडीत गोळी मिळते, ती मुलाला जरूर खाऊ द्यावी.

ट्यूबचा खेळ

आता मुख्य तक्रारीकडे वळतो. खाज सुटलेला माणूस औषधाच्या दुकानात जातो. गिऱ्हाईक कमी होण्याची वाट पाहतो. मग खालच्या आवाजात म्हणतो, "खाजेवरची एक ट्यूब द्या." दुकानदारही कुठे, कसली, किती दिवसांची, असे विचारत नाही. विचारले तर गिऱ्हाईक लाजून पळेल. ट्यूब कागदात गुंडाळून हातात पडते. लाज दोघांचीही राखली जाते, नुकसान एकाचेच होते.

या ट्यूबमध्ये बहुधा एक बुरशीविरोधी औषध, एक प्रतिजैविक आणि एक जोरदार स्टिरॉइड यांची खिचडी असते. बुरशी असो, जंतू असो, ॲलर्जी असो, एकाच बारात सगळे पक्षी पाडायचे, असा हिशेब. जादू करते ती त्यातली स्टिरॉइडची मात्रा. स्टिरॉइड दोन दिवसांत खाज आणि लाली दाबून टाकते. माणूस खूष होतो, शेजाऱ्यालाही त्याच ट्यूबचे नाव सांगतो. पण लाली म्हणजे शरीराने बुरशीशी मांडलेली लढाई असते. स्टिरॉइड त्या लढाईतल्या आपल्याच शिपायांना झोपवते आणि बुरशीला रान मोकळे मिळते. ट्यूब थांबवली की आठवड्यात खाज दुपटीने उसळते. मग पुन्हा ट्यूब. गजकर्णाची ओळखीची कडी विस्कटते, पुढे तज्ज्ञ डॉक्टरलाही ते चटकन ओळखू येत नाही. जांघेतून ते मांडीवर, कुल्ल्यांवर, पोटावर चढते.

गुप्तांगाची त्वचा नाजूक असते हे आपण ऐकून असतो, पण किती नाजूक? फेल्डमन आणि मायबाख या अमेरिकी संशोधकांनी १९६७ साली स्टिरॉइड त्वचेतून किती शोषले जाते ते मोजले. हाताच्या पुढच्या भागाच्या आतल्या बाजूशी तुलना केली, तर वृषणावरील त्वचेतून ते ४२ पट शोषले गेले. म्हणजे हातावर लावायला चालणारे मलम तिथे लावणे ही अगदी वेगळी गोष्ट झाली. महिनोन् महिने लावल्यावर त्वचा पातळ होते, जळजळते, शिरा दिसू लागतात. जांघेत गरोदर बाईच्या पोटावर उमटतात तसे रुंद, फाटल्यासारखे पट्टे पडतात. विशी-बाविशीच्या मुलांच्या जांघांत असे पट्टे पाहून वाईट वाटते, कारण ते जन्मभर राहतात. गजकर्ण उशिरा का होईना जाते, पट्टे जात नाहीत.

हे नुकसान एका घरापुरतेही उरलेले नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतात हट्टी, पसरणाऱ्या, वारंवार उलटणाऱ्या गजकर्णाची साथच आली आहे. पूर्वी टर्बिनाफिनच्या गोळीने दोन-चार आठवड्यांत जे बरे व्हायचे, त्याला आता महिने लागतात. २०२० साली जपानमधील संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या त्वचेवरून मिळालेल्या, या गोळीला दाद न देणाऱ्या बुरशीला स्वतंत्र नाव दिले, 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. नावातच आपला देश बसला. २०२३ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरातही तिचे रुग्ण नोंदले गेले. या साथीला गर्दी, घाम, घट्ट कपडे, अर्धवट उपचार अशी अनेक कारणे आहेत. पण स्टिरॉइड मिसळलेल्या मलमांचा बेसुमार वापर हे त्यांतले मोठे कारण आहे, असे देशभरातील त्वचारोगतज्ज्ञ सतत सांगत आले आहेत आणि मला ते पूर्णपणे पटते.

इथे एक गैरसमज होऊ नये. स्टिरॉइड हे विष नव्हे. वर ज्या लायकेन स्क्लेरोससचा उल्लेख केला, त्यावर क्लोबेटासोल नावाचे जोरदार स्टिरॉइड हेच मुख्य औषध आहे आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते नीट वापरले तर गुण येतो. इसब, ॲलर्जी यांतही स्टिरॉइड उपयोगी पडते. सुरी शल्यविशारदाच्या हातात असावी, एवढेच म्हणणे आहे.

कायदा आहे, पण कुलुपाची किल्ली नाही

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ प्रकारची स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या 'शेड्यूल एच' यादीत आणली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, त्यात काही त्वचेची मलमेही होती. कागदावर सगळे ठीक आहे. प्रत्यक्षात आपल्या तालुक्याच्या गावी काय होते, ते वाचकांनी स्वतःच आठवून पाहावे. चिठ्ठी कोण मागतो?

दोष एकट्या दुकानदाराचा नाही. चिठ्ठी मागितली तर गिऱ्हाईक चार पावलांवरच्या दुसऱ्या दुकानात जाते. आमच्या व्यवसायातही रुग्णाला पडद्याआड नेऊन जागा न पाहता, खुर्चीतूनच मिश्र मलम लिहून देण्याची पद्धत रूढ आहे. पाच मिनिटे वाचतात आणि पाच महिने वाढतात. गजकर्ण असल्याची शंका असेल तर त्वचेवरचा थोडा खवला खरवडून, रसायनाच्या एका थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की बुरशी दिसते. ही तपासणी जुनी, सोपी आणि स्वस्त आहे. ती फारशी होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

माझी सूचना साधी आहे. ट्यूबवरची सूचना इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत असते. 'यात स्टिरॉइड आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय जांघेत किंवा चेहऱ्यावर लावू नये' हे वाक्य मराठीत, ठसठशीत छापायला काय हरकत आहे? विडी-सिगारेटच्या पाकिटावर चित्र छापता येते, तर ट्यूबच्या खोक्यावर एक ओळ का नाही? तोपर्यंत वाचकांनीच चष्मा लावून खोके पाहावे. त्यावर क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एखादे नाव असेल, तर ते स्टिरॉइड आहे. ते आपल्या मनाने लावू नये. फार दिवस लावत असाल तर बंद कसे करायचे हेही डॉक्टरांनाच विचारावे.

धुण्याचा अतिरेक

आणखी एक टोक आहे. खाज म्हणजे घाण, असे मानून काही मंडळी गुप्तांग दिवसातून चार वेळा साबणाने घासतात, बादलीत जंतुनाशक द्रव ओततात, स्त्रिया योनीच्या आत पाण्याचा फवारा मारतात. योनिमार्गात उपकारक जंतूंची वस्ती असते. ते तिथे आम्लता राखतात आणि रोगजंतूंना थारा देत नाहीत. अंगाचा साबण बहुधा अल्कधर्मी असतो. तो आत गेला की ही राखणदारी मोडते. २०१२ साली गुप्तांग 'उजळ' करणाऱ्या एका धुण्याच्या द्रवाची जाहिरात दूरचित्रवाणीवर झळकली होती आणि तिच्यावर टीकाही झाली. काळजी घेण्याच्या नावाखाली लाज विकण्याचा धंदा कसा चालतो, याचा तो नमुना होता. बाहेरची जागा साध्या पाण्याने, हवे तर दिवसातून एकदा सौम्य साबणाने धुवावी. आतून धुण्याची काही गरज नाही.

घरगुती उपायांतही तारतम्य हवे. गजकर्णावर रुईचा चीक, लसणाचा रस, लिंबू, फिनाईल, रॉकेल लावून जांघा भाजून घेतलेली माणसे दवाखान्यात येतात. खाज परवडली पण हे भाजणे नको, अशी त्यांची स्थिती होते. सुगंधी पावडर, केस काढण्याचे मलम, सुवासिक पॅड, नीट न खळबळलेल्या कपड्यांतला सोडा, चड्डीचे रबर यांचीही ॲलर्जी येते. खाज नवी असेल तर गेल्या पंधरा दिवसांत घरात नवे काय आले, हे आधी आठवावे.

घरी काय करावे

अंघोळीनंतर जांघा, काखा, कंबर निराळ्या कोरड्या पंच्याने टिपून घ्याव्यात. प्रत्येकाचा टॉवेल वेगळा असावा. आतले कपडे सुती, सैल आणि रोज धुतलेले असावेत. पावसाळ्यात ओलसर कपडे अंगावर वाळवू नयेत. इस्त्री फिरवून कोरडे करावेत. बायकांच्या चड्ड्या आणि पाळीचे कापड दुसऱ्या कपड्यांखाली, अंधाऱ्या मोरीत वाळत घालण्याची पद्धत आहे. ऊन हे फुकटचे औषध आहे, ते लाजेपायी नाकारू नये. पॅड चार ते सहा तासांनी बदलावे. शौचानंतर मुलींना पुढून मागे धुण्याची सवय लावावी. लठ्ठपणामुळे मांड्या काचत असतील तर वजनाकडे लक्ष द्यावे.

गजकर्णाचे औषध डाग गेल्यावर लगेच थांबवू नये. डॉक्टरांनी सांगितलेली मुदत पुरी करावी, कारण डोळ्यांना दिसत नाही तेव्हाही बुरशी तिथेच असते. घरात ज्याला ज्याला आहे, त्या सगळ्यांनी एकदमच उपचार घ्यावेत.

आणि पुढील गोष्टी आढळल्या तर घरी थांबूच नये: फोड, व्रण किंवा जखम, रक्त किंवा पू, लघवीला आग, ताप किंवा ओटीपोटात दुखणे, दोन आठवड्यांत न जाणारी खाज, त्वचेचा बदललेला रंग किंवा गाठ, गरोदरपणातील खाज आणि लहान मुलांच्या गुप्तांगावरची जखम. गरोदरपणी तर फ्लुकोनॅझोलसारखी बुरशीची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये.

सरकारी जिल्हा रुग्णालयात यासाठी 'सुरक्षा क्लिनिक' असते. तिथे तपासणी आणि औषधे मोफत मिळतात आणि माहिती गुप्त ठेवली जाते. स्त्रीची तपासणी पुरुष डॉक्टर करत असेल, तर तिथे दुसरी स्त्री हजर असणे हा तिचा अधिकार आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केलेल्या रुग्ण हक्कांच्या सनदेत तो स्पष्ट नमूद आहे. तो हक्क मागायला संकोच करू नका.

शेवटी घरातल्या कर्त्या माणसांना एवढेच सांगणे आहे. वयात येणाऱ्या मुलाला दाढीचे सामान आणि मुलीला पाळीची माहिती देताना, 'तिथे खाज सुटली तर मला सांग, मी रागावणार नाही' हे एक वाक्य जोडून द्या. डॉक्टरांनी पडदा लावावा आणि पडद्याआड जाऊन खरोखर पाहावे. दुकानदारांनी चिठ्ठी मागावी. आणि ज्याला खाज आहे त्याने दाराशी जाऊन चपला घालेपर्यंत थांबू नये. खुर्चीत बसल्याबरोबर सांगावे. शरीराचा कोणताही भाग इतका वाईट नाही की त्याचे नाव घेऊन औषध मागता येऊ नये.